नेता, नेत्र आणि नेणे

डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा चालली होती. अहवालाचं पहिलं पान यंदा गुळगुळीत कागदाचं होतं आणि त्यावर मोठ्या टायपात छापलं होतं, ‘आमचे व्हिजन’. खाली चार ओळी. अग्रगण्य, सर्वसमावेशक, तंत्रस्नेही, ग्राहककेंद्री. अध्यक्षांनी त्या मन लावून वाचल्या. मग तिसऱ्या रांगेतून एक काका उठले. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, संस्थेचे अगदी सुरुवातीचे सभासद. म्हणाले, “साहेब, व्हिजन वाचलं. चांगलं आहे. आता आम्हाला नेणार कुठे, तेवढं सांगा.”

उत्तर मिळालं, पण ते ठेवींच्या व्याजदराकडे वळलं आणि प्रश्न तिथेच राहिला. मी मात्र घरी येईपर्यंत त्या एका क्रियापदापाशी थांबले होते. काकांनी ‘काय करणार’ असं विचारलं नाही, ‘तुम्हाला काय दिसतंय’ असंही नाही. ‘नेणार कुठे’ असं विचारलं. पुढारपण आणि दृष्टी यांच्याबद्दल आपल्या भाषेनं जे साठवून ठेवलंय, त्याच्या मुळावरच त्यांचं बोट पडलं होतं.

नेणे हे आपलं दिवसभराचं क्रियापद. डबा नेलास का, छत्री ने, आजीला दवाखान्यात न्यायचंय. ते आलं संस्कृतातल्या ‘नी’ या धातूपासून. त्याच धातूला करणाऱ्याचा प्रत्यय लागला की होतो नेता, म्हणजे नेणारा. आणि साधनाचा ‘त्र’ लागला की होतं नेत्र, म्हणजे ज्याने नेलं जातं ते. पिण्याचं साधन ते पात्र, नेसण्याचं ते वस्त्र, तसं नेण्याचं ते नेत्र. नयन हा शब्दही याच घरातला. आता डोळ्याला पाहण्यावरून नावं देता येतात आणि संस्कृतानं ती दिलीही आहेत. लोचन आणि चक्षू हे दोन्ही शब्द पाहण्याच्या धातूंपासून झाले. पण नेत्र आणि नयन ही नावं ज्यानं ठेवली त्याला वेगळंच काही जाणवलं असणार. पाऊल उचलायच्या आधी डोळा तिथे जाऊन आलेला असतो. माणूस पायानं चालतो, पण त्याला नेतो डोळा.

याच धातूची आणखी माणसं आपल्यात वावरतात. नायक, नीती, विनय, सेनानी, अग्रणी. निर्णयसुद्धा यातलाच, गुंत्यातून बाहेर काढून नेणं म्हणजे निर्णय. मुंजीला उपनयन म्हणतात, कारण मुलाला गुरूच्या जवळ न्यायचं असतं. न्याय मात्र या घरातला नाही. तो ‘नि’ उपसर्ग आणि ‘जाणे’ अर्थाचा ‘इ’ धातू यांचा. आवाज सारखा म्हणून फसायला होतं.

नेत्र या शब्दाचा एक अर्थ आता विसरला गेला आहे. रवीला गुंडाळून जी दोरी दोन्ही हातांनी ओढायची, तिलाही संस्कृतात नेत्र म्हणत. समुद्रमंथनाच्या कथेत मंदार पर्वताची रवी होते आणि वासुकी तिचं नेत्र होतो. देव एका टोकाला, दानव दुसऱ्या टोकाला. एकाच टोकानं ओढलं तर दोरी नुसती निघून येते, लोणी येत नाही. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. संस्थेची नजर म्हणजे एका माणसाच्या कपाळातली वस्तू नव्हे. दुसरं टोक सभासदांच्या हातात असायला लागतं, तिसऱ्या रांगेतल्या काकांच्या हातातही.

आणि मराठीत ‘नेणे’ला एक जुळं भावंडही होतं. जुन्या मराठीत ‘न जाणणे’ याचंही रूप ‘नेणे’च व्हायचं. त्यातून आलेला नेणता हा शब्द आपण अजून जाणत्याच्या जोडीनं वापरतो. नेणारा आणि नेणता, कानाला दोघांत फारसं अंतर नाही. गावात कोणाच्या सल्ल्यानं चालायचं ते ठरवताना ‘जाणती माणसं’ शोधत, ती नेणाराच नेणता निघेल या भीतीपोटीच.

पुढारपणाचे आपले शब्द नीट पाहिले तर त्यांची दोन घराणी पडतात. एक पायांचं, एक डोळ्यांचं.

पायांचं घराणं मोठं आहे. पुढे असतो तो पुढारी. फारसीत पेश म्हणजे पुढे, म्हणून पेशवा. अरबीत मुकद्दम म्हणजे पुढे ठेवलेला, त्याचा आपण केला मुकादम. आणि संस्कृतात पुरोहित, त्याचाही अर्थ पुढे ठेवलेला. सकाळी झाडू-ढकलगाड्या घेऊन निघणाऱ्या सफाई कामगारांची हजेरी लावणारा मुकादम आणि यज्ञापुढे बसणारा पुरोहित, या दोघांच्या नावाचा अर्थ अक्षरशः एकच आहे. शब्दांच्या घरात उच्चनीच असं फारसं टिकत नाही, याचा मला दर वेळी आनंद होतो.

पण नुसतं पुढे असणं पुरतं का? कल्याण लोकलमध्ये संध्याकाळी ठाणे सुटलं की डोंबिवलीचे लोक दाराकडे सरकायला लागतात. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्याला बोट लावून विचारतो, “डोंबिवली?” पुढचा मान हलवतो आणि तोच प्रश्न आपल्या पुढच्याला विचारतो. प्रश्न असा खांद्याखांद्यावरून दारापर्यंत जातो. कोणी नवखा चुकीच्या दाराशी सगळ्यांत पुढे उभा असतो. पुढे असूनही त्याच्यामागे कोणी उभं राहत नाही. फलाट कुठल्या बाजूला येणार हे ज्याला ठाऊक, रांग त्याच्या मागे लागते. तो कदाचित तिसरा-चौथाही असेल.

म्हणून दुसरं घराणं, डोळ्यांचं. त्यातला सगळ्यांत वापरातला आणि सगळ्यांत दुर्लक्षित शब्द म्हणजे अध्यक्ष. समासात डोळ्याचं ‘अक्ष’ होतं. डोळ्यासमोर ते प्रत्यक्ष, डोळ्याआड ते परोक्ष, समोरासमोर ते समक्ष, आणि ज्याचा डोळा वरून सगळ्यावर आहे तो अध्यक्ष. खुर्चीचा, हारतुऱ्यांचा, समारोपाच्या भाषणाचा या शब्दाशी मुळात संबंध नाही. इंग्रजी चेअरमनमध्ये खुर्ची आहे. अध्यक्षात डोळा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचं नावच अध्यक्षप्रचार. त्यात शेतीवर नजर ठेवणारा सीताध्यक्ष आहे, नौकांवरचा नावध्यक्ष, वजनमापांवरचा पौतवाध्यक्ष, सूत काढण्या-विणण्यावरचा सूत्राध्यक्ष, अगदी मिठावरचा लवणाध्यक्षसुद्धा. माप खोटं आहे का, सूत किती निघालं, होडी गळते का, हे पाहणारी ही माणसं. आपण अध्यक्षाला सभेच्या शेवटी चार शब्द बोलायला ठेवलं. तो मुळात सकाळी कोठार उघडून पाहणारा माणूस आहे.

दुसऱ्या भाषांनीही हेच केलं. अरबीत नजर म्हणजे पाहणं. त्यावरून नाझिर, पाहणारा, देखरेख करणारा. आपल्या न्यायालयांतला नाझर तो हाच. (नजराणा मात्र या नजरेचा नाही. तो नवस, भेट या अर्थाच्या दुसऱ्याच अरबी शब्दाचा. कानाला एक वाटतात, लिपीत वेगळे.) इंग्रजी सुपरवायझर फोडून पाहिला तर ‘सुपर’ म्हणजे अधि आणि पुढचा भाग लॅटिनमधला पाहण्याचा धातू, अध्यक्षाचं शब्दशः रूप. ग्रीकमध्ये वरून पाहणारा तो एपिस्कोपोस. तोच झिजत झिजत बिशप झाला. चार भाषांतल्या लोकांना सांभाळणाऱ्याला नाव देताना आधी डोळाच आठवला.

इथे एक खंत मांडते. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ मध्ये. त्याआधी इथे नगराध्यक्ष असत. महानगरपालिका झाल्यावर महापौर आले. महापौर हा शब्द सावरकरांनी घडवला आणि सुरेख घडवला. मेयरचा आवाजही त्यात राहिला आणि ‘नगरातला मोठा माणूस’ हा अर्थही. तरी नगराध्यक्ष जाताना शहराच्या पदनामातला डोळा गेला, असं मला वाटत राहतं.

आता व्हिजन. काकांनी तो शब्द बाजूला सारला, पण तो परका नाही. लॅटिनमध्ये पाहण्याचा धातू ‘विद्’च्या वळणाचा आहे आणि संस्कृतातला ‘विद्’, जाणणे, त्याचा सख्खा भाऊ. व्हिजन आणि विद्या, एकाच आजीची नातवंडं. ग्रीक आयडिया हीसुद्धा त्यांचीच चुलत बहीण. तिच्याही पोटात पाहणंच आहे. आणि याच कुटुंबातला एक शब्द इथल्या घराघरात आहे, कपाटातल्या फायलीत: प्रॉव्हिडंट फंड. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि नंतरचा तोच पाहण्याचा धातू. पुढचं पाहून ठेवलेला पैसा. अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ज्यांनी तीस-तीस वर्षं काढली, त्यांना पीएफची स्लिप दाखवून दूरदृष्टीचा अर्थ समजावायची गरज नाही. काका स्वतः त्यातलेच. त्यांच्या मते पुढचं पाहणं म्हणजे दर महिन्याला पगारातून वळती होणारी ठरावीक रक्कम, चार ओळींचा मजकूर नव्हे.

दूर पाहणं म्हणजे काय, याचं इथलं उदाहरण रोज आपल्या पायाखालून धावतं. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना मुंबईला ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांशी लोहमार्गानं जोडावं, ही कल्पना त्यांना सुचली, अशी रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे. त्या वेळी हिंदुस्थानात प्रवाशांसाठी एक मैलसुद्धा रेल्वे नव्हती. भांडुपच्या शेता-खाजणांत उभं राहून कुणीतरी कल्याणला फुटणाऱ्या दोन वाटा पाहिल्या: एक कसाऱ्याकडून थळ घाटात चढणारी, एक कर्जतकडून बोर घाटात. आज कल्याणच्या पुढे रूळ जिथे दुभंगतात ते ठिकाण कागदावर यायच्या आधी एका डोळ्यात होतं.

पण त्या डोळ्याला दुसरं टोक ओढणारे मिळाले म्हणून पुढचं झालं. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी मंडळ उभं केलं. १६ एप्रिल १८५३ ला १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर आली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. बोर घाट १८६३ मध्ये पुरा झाला, थळ घाट १८६५ मध्ये. भांडुपच्या त्या दिवसापासून बावीस वर्षं. बोर घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ते काम त्याची बायको ॲलिस हिनं हातात घेऊन तडीला नेलं. तडीला नेणं, पुन्हा तेच क्रियापद. सुरुंग, कॉलरा, पावसाळे, हजारो मजुरांचे हात आणि कित्येकांचे जीव, हे सगळं त्या ‘नेणे’त आहे. व्हिजन सांगताना ही बाजू गाळली की सांगणं अर्धं राहतं.

नानांचा जन्म मुरबाडचा. कल्याणच्या जवळचं गाव. मुंबई-ठाण्याला गाडी आणणाऱ्या माणसाच्या त्या गावी जायला आजही कल्याणला उतरून एसटी पकडावी लागते.

शेवटचं स्टेशन म्हणून १८५३ ला गाडी जिथे थांबली त्या नावाचीही गंमत सांगावीशी वाटते. शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाण्याचं नाव स्थानक, श्रीस्थानक असं येतं. स्थानकाचं झिजून ठाणं झालं. मग रेल्वे आली आणि स्टेशनला मराठी शब्द हवा म्हणून आपण संस्कृतातून पुन्हा स्थानक उचललं. ठाणे स्थानक म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो. आठ-नऊशे वर्षं मध्ये घालून.

व्हिजनला मराठीत सर्रास दूरदृष्टी म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो आणि कारण दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. भिंगांच्या धड्यात दृष्टिदोष येतात. जवळचं दिसतं, लांबचं नाही, ती निकटदृष्टिता. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं धूसर, ती दूरदृष्टिता. डोळ्यांचे डॉक्टर जिला दोष म्हणून चष्मा देतात, तिला संस्था गुण म्हणून फ्रेम करून लावतात. दहा वर्षांनंतरच्या शाखा दिसतात आणि खिडकीपुढे पाऊण तास उभी असलेली म्हातारी दिसत नाही, हा आजार मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे.

त्यापेक्षा धोरण हा शब्द जास्त सकस. संस्कृतात धोरण म्हणजे घोड्याची दुडकी चाल, आणि धोरणी म्हणजे न तुटणारी ओळ. मराठीत तो पुढचा विचार, बेत या अर्थानं रुजला. मोल्सवर्थच्या कोशात हाच अर्थ आहे. आपल्या घरातल्या बायका धोरणी असतात, म्हणजे सणाचे पैसे जूनमध्येच बाजूला पडलेले असतात. त्यात नजर आहे, चाल आहे आणि सातत्यही आहे. सरकारी कागदांनी ‘पॉलिसी’साठी तो उचलला आणि त्यातलं घरपण कमी झालं, पण माणसाला लावला की तो अजून जिवंत होतो. तसाच डोळस. डोळा हा अस्सल देशी शब्द, दृष्टीचा कुठलाही डामडौल नसलेला. डोळस श्रद्धा, डोळस कारभार. त्याच्या उलट डोळेझाक आणि कानाडोळा. कारभार बिघडतो तो या दोन शब्दांनी.

धोरणी माणसाचं ठाण्यातलं उदाहरण मला विनायक लक्ष्मण भावे यांचं वाटतं. १ जून १८९३ ला ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं, त्याच्या संस्थापकांत भावे होते, वय अवघं विशीतलं. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे तेच. गावोगावी तेव्हा नेटिव्ह जनरल लायब्ररी अशा नावानं वाचनालयं चालत. इथे नावातच मराठी आली आणि ‘संग्रह’ आला. वाचायला काय मिळेल यापेक्षा मराठीत छापलेलं काही हरवू नये, ही नजर त्या नावात आहे. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघालं. अशा संस्थेत दूरचं पाहणारा एक जण लागतो, हे खरं. पण कसर लागलेलं पुस्तक वेळेवर बांधणीला पाठवणारा, नोंदवहीतला क्रमांक नि कण्यावरचा क्रमांक पडताळणारा माणूस नसेल तर संग्रहाचं रद्दीत रूपांतर व्हायला एक पावसाळा पुरतो.

आणि मग व्याकरणातली ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसले. दृष्टी, दर्शन, द्रष्टा हे सगळे ‘दृश्’ धातूचे. यास्कानं ऋषी या शब्दाचं नातंही पाहण्याशीच जोडलं. इतका थोर धातू, पण त्याला वर्तमानकाळ नाही. पाहिलं म्हणायला ‘ददर्श’ आहे, पाहील म्हणायला ‘द्रक्ष्यति’ आहे. पाहतो म्हणायचं झालं की संस्कृत ‘पश्यति’ म्हणतं, आणि तो धातू दुसरा, उसना आणलेला. त्याचं जुनं रूप ‘स्पश्’. स्पश म्हणजे हेर, टेहळणी करणारा. इंग्रजी स्पाय आणि इन्स्पेक्टर याच कुळातले, आणि वर आलेल्या बिशपाच्या नावातलं पाहणंही. द्रष्ट्याला भूतकाळ आहे, भविष्यकाळ आहे. वर्तमानात पाहायचं तर त्याला पहारेकऱ्याचे डोळे मागून आणावे लागतात. पाणिनीनं हा नियम नुसता नोंदला आहे, त्यावर भाष्य केलेलं नाही. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सभेनंतर महिन्याभरानं संस्थेतून फोन आला. पुढच्या अहवालाच्या त्या पानाचं मराठी जरा सोपं करून द्याल का? मी गेले. वरचं ‘आमचे व्हिजन’ काढून ‘कुठे न्यायचे आहे’ असं लिहिलं आणि अध्यक्षांना विचारत विचारत खाली तीन ओळी केल्या. दोन वर्षांत पश्चिमेला शाखा. पंचाहत्तरीपुढच्या सभासदांना पैसे घरपोच. थकलेल्या कर्जांची यादी दर महिन्याला अध्यक्षांनी पाहायची.

तिसऱ्या ओळीवर ते थांबले. म्हणाले, “ताई, ही देखरेख झाली. याला व्हिजन कसं म्हणायचं?” मी त्यांना त्यांच्या पदाचा अर्थ सांगितला, अधि आणि अक्ष वेगळे करून, त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, कागद पुन्हा वाचला. ओळ तशीच ठेवली. फक्त ‘अध्यक्षांनी’च्या पुढे आपल्या पेनानं एक शब्द घातला: ‘स्वतः’.